धूसर फोटो वाचवा, त्यातला माणूस बदलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी दैनिकांच्या श्रद्धांजली आणि पुण्यस्मरणाच्या पानांवर अलीकडे एक वेगळाच चेहरा दिसू लागला आहे. गाल गुळगुळीत, पापण्यांचा केस न् केस सुटा, ओठांवर लकाकी, आणि खाली वय वर्षे ८४. घरात आजींचा एकच फोटो असतो, तोही लग्नाच्या घोळक्यातला आणि धूसर. तो मोबाइलवरच्या चेहरा स्पष्ट करून देणाऱ्या अॅपमध्ये घातला जातो, काही सेकंदांत चकचकीत होऊन येतो आणि तसाच जाहिरातीला जातो. त्या दिवशी घरच्यांना निवांतपणा नसतो, त्यामुळे त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. परंतु छापून आलेला चेहरा पुष्कळदा त्या आजींचा नसतो, हे आम्ही स्कॅनिंग आणि टचिंगची कामे करणारी माणसे खात्रीने सांगतो. धूसर फोटो वाचवायचे मार्ग आहेत, त्यांतले बरेचसे फुकट आहेत आणि त्यांत माणूस बदलत नाही. आपल्या वाचकांसाठी, आणि आपल्या जाहिरात विभागासाठीही, ते जरा सविस्तर लिहीत आहोत.

ही अॅप्स फोटोत दडलेला तपशील शोधून काढत नाहीत. ती अंदाजाने नवा तपशील रंगवतात, आणि अंदाजाचा आधार म्हणजे त्यांना शिकवताना दाखवलेले चेहरे. या क्षेत्रात फार वापरला गेलेला चेहऱ्यांचा एक संच एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये खुला केला. त्यात फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावरून घेतलेले ७०,००० चेहरे आहेत. टेन्सेंट या चिनी कंपनीच्या संशोधकांची २०२१ मधली जीएफपी-गॅन ही चेहरे दुरुस्त करणारी प्रणाली याच संचावर शिकलेली आहे. २०२० च्या जूनमध्ये बराक ओबामा यांचा मुद्दाम बारीक आणि ठोकळेबाज केलेला फोटो पल्स नावाच्या अशाच एका प्रणालीत घातला, तेव्हा एका गोऱ्या माणसाचा चेहरा बाहेर आला आणि त्यावर जगभर चर्चा झाली. आपल्या गावात तसे झाले तर चर्चा होत नाही, एवढाच फरक. हनुवटीवरचे गोंदण प्रणालीला डाग वाटते, ती ते पुसते. देवीचे वण पुसते. जाड भिंगामागे बारीक दिसणारे डोळे मोठे करते, तिरळा डोळा सरळ करते. मिटलेल्या ओठांत दातांची ओळ काढते. नथीच्या जागी धातूचा एक आकारहीन गोळा ठेवते. ज्या खुणांवरून नातवंडे आजीला ओळखतात, नेमक्या त्याच जातात.

वाचवण्याच्या कामाची सुरुवात धूसरपणा कोणत्या जातीचा आहे हे ओळखण्यापासून होते. फोटो २०० टक्के मोठा करून एखादा चमकता बिंदू शोधावा: नथीचा मोती, स्टीलच्या भांड्यावरची चमक, मांडवातला दिवा, डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका. तो पसरून गोल चकती झाला असेल तर फोकस चुकला आहे. त्याची लांबट किंवा वाकडी रेघ झाली असेल तर हात हलला आहे, आणि मग फोटोतले सगळे ठिपके त्याच दिशेला ओढलेले दिसतात. मागची भिंत स्वच्छ आणि चेहराच पुसट असेल तर माणूस हलला. पदराचा काठ स्वच्छ आणि चेहरा मऊ असेल तर फोकस काठावर बसला. कडांभोवती बारीक चौकोन दिसत असतील तर दोष कॅमेऱ्याचा नाही, फोटो पाठवताना झालेल्या दाबणीचा, म्हणजे फाइल लहान करण्याचा आहे. जेपीजी फाइल ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबली जाते, आणि तेच चौकोन धार लावताना, म्हणजे कडा स्पष्ट करताना वर येतात.

यातली शेवटची जात सगळ्यांत सोपी, कारण मूळ फाइल अनेकदा कुणाच्या तरी फोनमध्ये सुखरूप असते. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलपर्यंत लहान होतो आणि वर दाबला जातो. २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, पण सर्वांत चांगले म्हणजे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवणे. म्हणून टचिंगला बसण्याआधी फोटो ज्याने काढला त्याला फोन करावा. तासाभराचे काम वाचते.

जुना कागदी फोटो असेल तर मोबाइलने त्याचा फोटो काढू नये, स्कॅन करावा. पासपोर्ट आकाराचा, म्हणजे ३.५ × ४.५ सेंटिमीटरचा फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांनी स्कॅन केला की ८२७ × १०६३ पिक्सेल मिळतात, आणि ते पुष्कळ झाले. खरबरीत, जाळीदार पोताच्या कागदावरचे जुने प्रिंट स्कॅन केले की पोताची चमक चेहऱ्यावर पसरते आणि फोटो होता त्याहून धूसर वाटतो. यावर उपाय असा: एकदा सरळ स्कॅन करावा, मग फोटो काचेवर उलटा फिरवून, म्हणजे १८० अंशांतून, दुसरा स्कॅन घ्यावा. दुसरा स्कॅन संगणकात सरळ करून पहिल्यावर नेमका बसवावा आणि वरच्या लेयरची, म्हणजे थराची ऑपॅसिटी (अपारदर्शकता) ५० टक्के करावी. पोताच्या एका बाजूची चमक दुसऱ्या बाजूच्या सावलीने बरीचशी कटते आणि खालचा चेहरा मोकळा होतो.

फोकस चुकणे आणि हलणे या दोन जातींत मर्यादा समजून घ्यावी लागते. प्रत्येक बिंदूचा उजेड शेजारच्या बिंदूंत सांडलेला असतो. रांगोळी वाऱ्याने पसरली की रंग कुठे होता ते कळते, बारीक रेघ कुठून कुठे गेली होती ते कळत नाही, तसेच इथे होते. उजेड किती आणि कसा सांडला हे नेमके माहीत असेल तर गणिताने काही अंतर मागे येता येते. हबल दुर्बिणीच्या आरशातला दोष १९९० मध्ये लक्षात आला. डिसेंबर १९९३ मध्ये दुरुस्ती होईपर्यंत खगोलशास्त्रज्ञ रिचर्डसन-लुसीसारख्या पद्धतींनी तिची चित्रे सुधारत होते. त्यांना ते जमले, कारण तो दोष कसा आहे हे ताऱ्यांच्या ठिपक्यांवरून ठरवता येत होते. घरच्या फोटोत तशी मोजमापे नसतात. चकती किंवा रेघ तीन-चार पिक्सेलची असेल तर धार बरीच परत येते. दहाच्या पुढे गेली की परत येतात त्या फक्त कडांभोवतीच्या समांतर लाटा आणि त्वचेवरचा खरखराट.

मात्र हे पिक्सेल कोणत्या आकारात मोजायचे, यात सगळी मेख आहे. एका कॉलमातला श्रद्धांजलीचा फोटो साधारण ४ सेंटिमीटर रुंद छापला जातो. वृत्तपत्राच्या कागदावरची ठिपक्यांची जाळी इंचाला ८५ ते १०० रेघांची असते आणि तिला इंचाला २०० पिक्सेल पुरतात. ४ सेंटिमीटरला २.५४ ने भागून २०० ने गुणले की येतात ३१५ पिक्सेल. चेहरा आणि खांदे मिळून मूळ फोटोत १२६० पिक्सेल रुंद असतील आणि धूसरपणा ८ पिक्सेलचा असेल, तर चौपट लहान केल्यावर तो २ पिक्सेलचाच उरतो. म्हणजे ज्या फोटोला अॅप लावायची धडपड चालते, तो छापायच्या आकारात आणल्याबरोबर निम्मा बरा झालेला असतो. फोटो मोबाइलच्या पडद्यावर चिमटीने ताणून बघायचा आणि घाबरून जायचे, ही सवय सोडली पाहिजे.

बाकीचे निम्मे काम हाताचे आहे आणि ते फोटोशॉपमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या गिंपमध्ये होते. मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत घ्यावी. छापायच्या रुंदीच्या दुप्पट, म्हणजे ६३० पिक्सेलवर काम करावे. आधी रंगांचा खरखराट कमी करावा, उजेडाचा खरखराट राहू द्यावा, कारण त्यातच त्वचेचा पोत असतो. मग लेयरची प्रत करून फोटोशॉपचे स्मार्ट शार्पन लावावे (गिंपमध्ये ते नाही, तिथे अनशार्प मास्क लावावा). स्मार्ट शार्पनमध्ये फोकस चुकला असेल तर ‘लेन्स ब्लर’, हलला असेल तर ‘मोशन ब्लर’ निवडून त्यात रेघेचा कोन भरावा. रेडियस (धारेची रुंदी) १ ते १.५ आणि अमाउंट (धारेचा जोर) १०० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. या लेयरचा मोड ‘ल्युमिनॉसिटी’ करावा, नाहीतर कडांना रंगीत झालर येते. मग लेयर काळा मास्क, म्हणजे झाकणारा पडदा घालून पूर्ण झाकावा आणि मऊ पांढऱ्या ब्रशने, ३०-४० टक्के ऑपॅसिटीवर, लागेल तेवढाच भाग उघडावा: पापण्यांच्या कडा, भुवया, ओठांची मधली रेघ, चष्म्याची काडी, मिशा, कुंकू, मंगळसूत्राचे मणी. गाल, कपाळ आणि गळा उघडू नये. माणूस चेहरा पाहताना डोळे आणि ओठ पाहतो. तिथे धार असली की बाकीचा मऊपणा खटकत नाही, उलट गालांवर धार आली की खरखर दिसते आणि वय वाढते.

त्यानंतर धार पुन्हा एकदा, या वेळी अनशार्प मास्कने आणि अगदी वेगळ्या आकड्यांनी लावावी: रेडियस २५, अमाउंट १५ ते २० टक्के. याने कडा तीक्ष्ण होत नाहीत, नाकाची बाजू, डोळ्यांच्या खोबणी, गालाचे हाड यांचा उठाव वाढतो, आणि हाच उठाव नजरेला स्पष्टपणा वाटतो. पार्श्वभूमी वेगळी निवडून तिला ६ ते ८ पिक्सेलचा गॉसियन ब्लर द्यावा. मागचे अधिक धूसर झाले की पुढचा चेहरा आपोआप पुढे येतो. केसांच्या कडेपाशी मास्क मऊ ठेवला नाही तर डोक्याभोवती कापून चिकटवल्यासारखी रेघ दिसते, तेवढे जपावे. शेवटी ३१५ पिक्सेलवर आणून रेडियस ०.५ आणि अमाउंट ७० टक्क्यांची एक हलकी धार द्यावी. छपाईत शाई पसरून मधल्या छटा गडद होतात, म्हणून कर्व्हमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराच्या आलेखात मधला बिंदू १२८ वरून १४५-१५० पर्यंत उचलावा. जाहिरात विभाग छपाईचे प्रोफाइल लावत असेल तर हे उचलणे त्यांच्यावर सोडावे. दोनदा उचलले की चेहरा पांढराफटक होतो.

खरा कस लागतो तो भिंतीवर लावायच्या फ्रेमला. १० × १२ इंचांची फ्रेम इंचाला १५० पिक्सेल धरली तरी १५०० × १८०० पिक्सेल मागते, आणि इथे लहान करण्याची सोय नसते. अशा वेळी स्पष्टपणाचा हट्ट सोडून फोटोचे चित्र करावे, आणि ते चित्र आहे हे लपवू नये. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापासून स्टुडिओत कृष्णधवल फोटोंवर हाताने रंग चढवले जात. तिथे ब्रशचे काम डोळ्यांना दिसे, म्हणून त्यात फसवणूक नव्हती. कोलकात्यात १८१५ मध्ये जन्मलेल्या छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमरन यांची १८६०-७० च्या दशकांतली व्यक्तिचित्रे सौम्य फोकसची आहेत, आणि प्रकाश एका बाजूने घेतलेला असल्यामुळे चेहऱ्यावरचा भाव त्यांत पुरता टिकला आहे. धूसर फोटोतही भाव, मानेचा कल, खांद्यांची ठेवण शिल्लक असते. चित्र त्यावर उभे करायचे.

आम्हाला सर्वांत खात्रीचा वाटणारा मार्ग मोजक्या छटांचा आहे. १९७०-८० च्या दशकांतले रंगीत प्रिंट विटून लालसर झालेले असतात. त्यांचा हिरवा चॅनेल (फोटो ज्या लाल, हिरव्या, निळ्या भागांनी बनतो त्यांतला हिरवा) घेऊन कृष्णधवल करावा, कारण तपशील बहुधा त्यातच जास्त राहिलेला असतो. मोबाइलच्या फोटोतही हिरवाच सर्वांत स्वच्छ आणि निळा सर्वांत खरखरीत असतो. आता १८०० पिक्सेल उंचीच्या फाइलला आणखी ४-५ पिक्सेलचा ब्लर द्यायचा. हे उफराटे वाटते, पण पुढच्या पायरीला तेच हवे असते. ‘पोस्टराइज’ने छटा चारवर आणल्या की स्पष्ट फोटोत शेकडो बारीक बेटे तयार होतात, धूसर फोटोत मात्र सलग, वळणदार आकार मिळतात. पोस्टराइजच्या खाली कर्व्हचा लेयर ठेवावा आणि तो हलवत राहावे, जोवर नाकाची सावली, गालाचा उतार आणि कपाळावरचे कुंकू वेगवेगळ्या छटांत पडत नाहीत तोवर. डोळ्यांच्या दोन्ही खोबणी एकाच काळ्या डागात जात असतील तर तेवढाच भाग आधी थोडा उजळावा. हा दोष फार वेळा येतो आणि त्याने चेहरा भयाण दिसतो. मग चार छटांना चार रंग द्यावेत: गडद तपकिरी, विटकरी, फिकट मातकट आणि कागदाचा पांढरट. उरलेली बारीक बेटे ३ पिक्सेलच्या मीडियन फिल्टरने जातात. वरून हातकागदाचा स्कॅन ‘मल्टिप्लाय’ मोडमध्ये २५ टक्क्यांवर ठेवला की सगळे एका पोतात बसते.

डोळ्यांसाठी शेवटी ५-६ पिक्सेलच्या ब्रशने वरच्या पापणीची रेघ ओढावी, पण फोटोत जिथे काळेपणा आहे तिथेच. खालची पापणी दिसत नसेल तर ती काढू नये. गोंदण, तीळ, नथ यांची जागा घरच्यांना विचारावी, किंवा त्याच व्यक्तीच्या दुसऱ्या फोटोवरून डोळ्यांच्या बाहुल्यांमधले अंतर जुळवून घ्यावी. सांगणाऱ्यांत मतभेद असेल तर ती जागा मोकळी ठेवावी. कोरी जागा चालते, चुकीचा तीळ चालत नाही.

चार छटा ज्यांना फार उघड्या वाटतात त्यांच्यासाठी रंगाच्या फटकाऱ्यांचा मार्ग आहे. फोटोशॉपच्या मिक्सर ब्रशने पार्श्वभूमीला ४० पिक्सेलचे, साडीला २० चे, चेहऱ्याला १०-१२ चे आणि डोळ्यांना ३ चे फटकारे द्यावेत. ते गालाच्या गोलाईबरोबर फिरले पाहिजेत. एका बटणाच्या तैलरंग फिल्टरला गाल कुठे आणि भिंत कुठे हे कळत नाही, म्हणून त्याचे काम सगळीकडे सारखे आणि मेलेले दिसते. फोटो फ्रेमसाठी असेल तर शेवटी ४ टक्के एकरंगी नॉइज घालून त्याला अर्धा पिक्सेल ब्लर द्यावा. या बारीक दाण्यांमुळे ब्रश लागलेला आणि न लागलेला भाग एकजीव होतो. वृत्तपत्रासाठी हे दाणे घालू नयेत, छपाईची जाळी त्यांना गिळते आणि कधी कधी नक्षीसारखे पट्टे उमटतात.

धूसरपणा सगळीकडे शत्रूच असतो असेही नाही. आषाढात वारीतल्या बेलवडीच्या रिंगणाचे मोबाइलवर काढलेले फोटो पाहावेत. भरधाव घोडा सेकंदाला १० मीटरहून अधिक जातो. ढगाळ हवेत मोबाइलने शटर १/६० सेकंद धरले तर तेवढ्यात तो १६-१७ सेंटिमीटर सरकलेला असतो, आणि १/१००० ला एकच सेंटिमीटर. पहिल्या फोटोतले पाय कोणत्याही धारेने सुटे होणार नाहीत. त्यापेक्षा घोड्याच्या ओढलेल्या कडेचा कोन मोजपट्टीच्या टूलने घ्यावा. समजा तो ४ अंश आला, तर लेयरची प्रत करून तिला त्याच ४ अंशांत ५० पिक्सेलचा मोशन ब्लर द्यावा आणि घोड्याचे डोके, मान, स्वार आणि त्याच्या हातातला ध्वज मास्कने त्यातून मोकळे करावेत. पाय मोकळे करू नयेत. कडेच्या वारकऱ्यांची गर्दी पांढऱ्या-भगव्या पट्ट्यांत जाते आणि हललेला फोटो वेगाचा फोटो होतो. कोन दोन-तीन अंशांनी जरी चुकला तरी मूळचा ओढा आणि नवा ओढा एकमेकांना छेदतात आणि चित्र नुसते गढूळ होते, म्हणून मोजल्याशिवाय आकडा टाकू नये.

हे संस्कार बातमीच्या फोटोवर मात्र करू नयेत. युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापा यांनी ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर काढलेले फोटो हललेले आहेत, ते तसेच छापले गेले आणि तसेच आजवर पाहिले जातात. बातमीत उजेड-अंधार सावरणे आणि कातरणे पुरे. पुरवणीत, वाचकांच्या फोटोंत आणि जाहिरातींत मोकळीक असावी, पण काय केले ते खाली लिहूनच.

यासाठी आपल्या दैनिकाकडे आमच्या तीन विनंत्या आहेत. श्रद्धांजलीच्या जाहिरातीच्या अर्जावर छापावे की फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, चेहरा-खांद्यांची रुंदी ३१५ पिक्सेलहून कमी नको आणि अॅपने स्पष्ट केलेला फोटो पाठवत असाल तर मूळ फोटोही सोबत जोडा. दोन्ही फोटो आले तर पान लावणाऱ्याने आधी मूळ फोटो छापायच्या आकारात आणून पाहावा. बहुतेक वेळा तोच पुरेसा निघतो. आणि चित्ररूप दिलेल्या फोटोखाली बारीक अक्षरांत ‘मूळ छायाचित्रावरून केलेले चित्र’ एवढी ओळ द्यावी. एक कॉलम रुंदीत, सहा पॉइंटात ती एका ओळीत बसते.

कळावे.

आपले,
फोटो स्कॅनिंग व टचिंगचे काम करणारे काही वाचक